स्पॅनिश घरात राहून शिकताना

आपल्या शाळेतल्या प्रत्येक कॅडेटला 'लोकल गार्डियन' हा शब्द माहीत आहे. महिन्यातल्या एका रविवारी आउटपास मिळतो, गार्डियन काका येऊन रजिस्टरवर सही करतात आणि आपण त्यांच्या घरी जातो. काकू आग्रहाने वाढतात, आपण संकोचाने "नको, पुरे" म्हणतो, सोफ्याच्या कडेवर बसून टीव्ही पाहतो आणि संध्याकाळच्या फॉलिनच्या आत परत येतो. परदेशात शिकायला जाणारा विद्यार्थी ज्या घरात राहतो त्याला 'होस्ट फॅमिली' किंवा यजमान कुटुंब म्हणतात. पुष्कळांना वाटते की हेही लोकल गार्डियनसारखेच काहीतरी असणार. फरक एवढाच की तिथून संध्याकाळी परत यायचे नसते, सहा किंवा दहा महिने तिथेच काढायचे असतात. पण या एका फरकाने सगळेच बदलते. सोफ्याच्या कडेवर दहा महिने बसता येत नाही.

मी स्वतः स्पेनला गेलेलो नाही. माझी आतेबहीण पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये स्पॅनिश शिकली आणि नंतर एका सत्रासाठी स्पेनमधल्या सालामांका शहरात एका कुटुंबात राहून आली. गेल्या सुट्टीत मी ताईला खोदून खोदून विचारले, शिवाय मिळाले ते वाचले. आमच्या हाउसमधले दोघे जण दहावीनंतर अशा कार्यक्रमाला अर्ज करायचे म्हणतात. त्यांचे आणि ताईचे बोलणे शेजारी ठेवल्यावर मला वाटले की हॉस्टेलमध्ये वाढलेल्या मुलाला यातल्या काही गोष्टी सोप्या जातील आणि काही इतरांपेक्षा जास्त अवघड. तेच इथे मांडतो.

आधी थोडा इतिहास, कारण तो आपल्या कामाचा आहे. शाळकरी मुलांनी परक्या देशात जाऊन कोणाच्या तरी घरी राहायचे, ही कल्पना ज्यांनी मोठ्या प्रमाणावर अमलात आणली ते लोक रुग्णवाहिकांचे चालक होते. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, ए. पायट अँड्र्यू या अमेरिकन माणसाने फ्रान्समध्ये 'अमेरिकन फील्ड सर्व्हिस' उभी केली. तिच्यातले तरुण स्वयंसेवक आघाडीवरच्या जखमी फ्रेंच सैनिकांना गाडीत घालून इस्पितळात पोचवत. दुसऱ्या महायुद्धात हीच संघटना उत्तर आफ्रिकेत, इटलीत आणि आपल्या शेजारी ब्रह्मदेशच्या आघाडीवरही होती. दोन युद्धांतली प्रेते पाहिलेल्या या लोकांनी युद्ध संपल्यावर ठरवले की आता जखमी नेण्याऐवजी विद्यार्थी न्यायचे. १९४७ मध्ये शाळकरी मुलांची पहिली तुकडी अमेरिकेतल्या घरांत राहायला आली. तीच संस्था आज एएफएस नावाने चालते आणि भारतातही तिचे काम आहे. साधारण १५ ते १८ वयाची मुले तिच्यामार्फत जातात. रोटरी क्लबांचाही असाच कार्यक्रम आहे. त्यात वर्षभरात बहुधा एकाहून जास्त घरे बदलतात.

स्पॅनिशच का, असे आमच्या हाउसमधल्या एकाने विचारले. वीस देशांची ती राजभाषा आहे आणि सुमारे ५० कोटी लोकांची मातृभाषा, हे पुस्तकी उत्तर झाले. कॅडेटला पटेल असे उत्तर वेगळे आहे. वायुसेनेसाठी २०२१ मध्ये ५६ सी-२९५ वाहतूक विमानांचा करार झाला. त्यातली पहिली १६ स्पेनमधल्या सेव्हिया शहरातून यायची आणि उरलेली ४० आपल्याकडे बडोद्याला बनायची असे ठरले. पहिले विमान सप्टेंबर २०२३ मध्ये सेव्हियालाच आपल्या वायुसेनाप्रमुखांच्या ताब्यात मिळाले. तेव्हा स्पॅनिश येणारा अधिकारी बिनकामाचा ठरणार नाही.

जाण्याआधी एक गोष्ट समजून घ्यावी, ती म्हणजे घर कोणत्या प्रकारचे आहे. विद्यापीठाच्या किंवा भाषाशाळेच्या मार्फत जे घर मिळते त्या कुटुंबाला पैसे दिले जातात. किती वेळचे जेवण, आठवड्यातून कितीदा कपडे धुऊन मिळणार, हे आधीच ठरलेले असते. ताईचे असे होते. याउलट एएफएससारख्या शाळकरी कार्यक्रमात यजमान कुटुंब पैसे घेत नाही. ते स्वखुशीने मुलाला ठेवून घेते. पहिल्या घरात तुम्ही भाडेकरू होऊन राहिलात तरी चालून जाते, फायदा मात्र निम्मा होतो. दुसऱ्या घरात भाडेकरूसारखे वागणे त्या लोकांना लागते.

आता ताईचा पहिला धडा. तो एका अक्षराचा आहे. स्पॅनिशमध्ये जवळच्या माणसाला 'तू' म्हणतात. उच्चार आपलाच, अर्थही आपलाच. अनोळखी किंवा मानाच्या माणसासाठी 'उस्तेद' हा वेगळा शब्द आहे, आपल्या 'आपण'सारखा. ताई पहिले चार दिवस घरच्या बाईंना 'उस्तेद' म्हणत राहिली. साठीच्या, पांढऱ्या केसांच्या बाईंना 'तू' कसे म्हणणार? चौथ्या दिवशी बाईंनीच विचारले, "मी तुला एवढी म्हातारी वाटते का?" ताई म्हणते, तेव्हा तिला एकदम उमगले की मराठीतही आपण आईला 'तू' म्हणतो आणि मित्राच्या आईला 'तुम्ही'. 'उस्तेद' म्हणून ती त्या बाईंना मान देत होती खरी, पण त्याच शब्दाने रोज त्यांना शेजारच्या घरात बसवत होती. अर्थात हे स्पेनचे झाले. अर्जेंटिनात 'तू'च्या जागी 'वोस' म्हणतात, आणि कोलंबियाच्या काही भागांत घरातली माणसेही एकमेकांना 'उस्तेद' म्हणतात. जिथे जायचे तिथली रीत विचारून घ्यावी.

दुसरा धडा जेवणाचा, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा तोच.

आपल्याकडे मेसमध्ये जेवण हे एक काम असते. ओळीने आत जायचे, उभे राहायचे, परवानगी मिळाली की बसायचे आणि पंधरा मिनिटांत ताट रिकामे करून बाहेर पडायचे, कारण पुढे प्रेप असते. नव्या मुलाला सुरुवातीला हे जमत नाही, सहा महिन्यांनी तो घरी सुट्टीवर गेला की आजी म्हणते, "अरे, मागे कोणी लागलंय का?" स्पेनमध्ये ताट रिकामे झाले की जेवणाचा खरा भाग सुरू होतो. त्याला त्यांच्या भाषेत खास शब्द आहे, 'सोब्रेमेसा'. 'सोब्रे' म्हणजे वर, 'मेसा' म्हणजे टेबल. जेवण झाल्यावर टेबलावरच बसून राहण्याचा जो वेळ, तो सोब्रेमेसा. फळे येतात, कॉफी येते आणि गप्पा चालू राहतात. रविवारी दुपारी हे दोन-दोन तास चालते. त्यात कोणी मोठे काही बोलत नाही. फुटबॉल, शेजाऱ्यांचा कुत्रा, मावशीचे गुडघ्याचे दुखणे, वाढलेले वीजबिल.

ताई सुरुवातीला काय करायची? जेवण झाले की आपले ताट उचलून धुऊन ठेवायची, "ग्रासियास" म्हणायची आणि खोलीत जाऊन व्याकरणाचे पुस्तक उघडायची. तिच्या मते ती शहाण्यासारखे वागत होती. दुसऱ्या आठवड्यात घरच्या काकांनी हळूच विचारले की तुला आमचे जेवण आवडत नाही की आम्ही? आपल्या शाळेतला कोणताही कॅडेट तिथे गेला तर नेमके हेच करील, आणि तेही ताईपेक्षा दहा मिनिटे आधी.

शिवाय जी भाषा शिकायला ती खोलीत जात होती, ती टेबलावर बोलली जात होती. वर्गात शिक्षक तुमच्यासाठी सावकाश बोलतात, एका वेळी एकच माणूस बोलतो आणि विषय आधी फळ्यावर लिहिलेला असतो. टेबलावर चौघे एकदम बोलतात. आजोबांच्या तोंडात दात कमी, काकांचे लक्ष बातम्यांकडे आणि धाकटी मुलगी शाळेतल्या बोलीत काहीतरी सांगते, जे कोणत्याही पुस्तकात नसते. पहिला महिनाभर ताईला चेहरे तेवढे कळत. मग शब्द कळू लागले, पण ती उत्तर जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असे. नंतर विनोदाला ती सगळ्यांबरोबर हसू लागली, अर्धी समजून आणि अर्धी बघून. तिसऱ्या महिन्यात एकदा तिने आजोबांचे वाक्य मध्येच तोडले आणि आपले म्हणणे घुसवले. कोणी तिच्याकडे वळून कौतुकाने पाहिले नाही. आजोबांनी हात झटकून "तसं नव्हे" असे काहीतरी म्हटले आणि भांडण पुढे चालू राहिले. ताई सांगते, परीक्षेतल्या गुणांपेक्षा त्या दिवशी तिला जास्त बरे वाटले.

सालामांका समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटरवर आहे आणि हिवाळ्यात तिथे पारा शून्याखाली जातो. तिथल्या जुन्या वळणाच्या घरांत एक गोल टेबल असते, त्याचे नाव 'मेसा कामिया'. त्याच्याखाली शेगडी ठेवतात, पूर्वी कोळशाची, आता विजेची, आणि टेबलावर जमिनीपर्यंत पोचणारे जाड कापड घालतात. घरातली सगळी माणसे पाय त्या कापडाखाली घालून बसतात. घरात ऊब असते ती तिथेच. म्हणजे थंडीत खोलीत एकटे बसून अभ्यास करायचा म्हटले तरी पाय गारठतात, आणि गृहपाठ घेऊन मुकाट्याने सगळ्यांच्यात येऊन बसावे लागते. ताईचे स्पॅनिश डिसेंबर-जानेवारीत सुधारले याचे निम्मे श्रेय ती त्या शेगडीला देते.

जेवणाच्या वेळाही आपल्याला चक्रावून टाकतात. सकाळी कॉफी किंवा दूध आणि पावाचा तुकडा, एवढीच न्याहारी. दुपारचे जेवण दोन ते तीनच्या दरम्यान. संध्याकाळी सहाच्या सुमाराला मुलांना 'मेरिएंदा', म्हणजे मधले खाणे. रात्रीचे जेवण नऊला, कधी दहाला. आपल्याकडे तेव्हा लाइट्स आउट होऊन गेलेले असते. याचे एक कारण मला फार आवडले. नकाशात पाहिले तर स्पेन इंग्लंडच्या खाली, जवळपास त्याच रेखांशावर आहे. पण घड्याळ मात्र जर्मनीचे लावते. १९४० मध्ये, जनरल फ्रँकोच्या राजवटीत, घड्याळे एक तास पुढे केली आणि ती तशीच राहिली. सालामांका तर देशाच्या पश्चिम बाजूला. तिथे उन्हाळ्यात सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात दुपारचे सव्वादोन वाजून गेलेले असतात. म्हणजे अडीचला जेवणारा माणूस सूर्याच्या हिशेबाने भर बारालाच जेवतो आहे. आपल्या शाळेतल्या अरुणाचलच्या मुलांना हे लगेच कळेल, कारण त्यांच्या गावी आपल्याच घड्याळात पहाटे साडेचारला उजाडते. सगळेच उशीर घड्याळामुळे होतात असे मात्र नाही. दुपारी मोठी सुट्टी घेऊन संध्याकाळी उशिरापर्यंत काम करण्याची तिथली जुनी पद्धतही त्याला कारण आहे.

भाषेबद्दल एक आनंदाची गोष्ट सांगतो. स्पॅनिश शिकताना मराठी मुलगा काही बाबतींत इंग्रजी मुलाच्या पुढे असतो, आणि हे कोणी सांगत नाही, कारण पुस्तके इंग्रजीतून लिहिलेली असतात. इंग्रजीत 'मी चहा आवडतो' अशा धाटणीचे वाक्य असते. स्पॅनिशमध्ये 'मे गुस्ता एल ते', म्हणजे अगदी 'मला आवडतो चहा'. चहाऐवजी पुस्तके असतील तर 'मे गुस्तान', 'मला आवडतात'. क्रियापद आवडणाऱ्या वस्तूप्रमाणे बदलते, जसे आपले. इंग्रजी पुस्तक या एका रचनेवर अख्खा धडा खर्च करते. ताईने तो पाच मिनिटांत संपवला. दुसरे, आपण 'मी घर पाहिले' म्हणतो, पण 'मी आईला पाहिले'. माणूस आला की 'ला' लागतो, निर्जीव वस्तूला लागत नाही. स्पॅनिशमध्येही माणसाच्या आधी 'आ' हा छोटा शब्द लावतात आणि घराच्या आधी लावत नाहीत. तिसरे, 'जातो' म्हटले की 'मी' म्हणायची गरज उरत नाही. स्पॅनिशमध्येही क्रियापदाच्या शेवटावरून कर्ता कळतो. आणि 'त', 'द' हे उच्चार तर आपल्या दातांवरचेच आहेत.

उलटे पडते ते लिंग. आपल्याकडे 'चांगला' पुरुषासाठी आणि 'चांगली' बाईसाठी. तिकडे 'ओ'ने संपणारा शब्द बहुधा पुल्लिंगी आणि 'आ'ने संपणारा बहुधा स्त्रीलिंगी. 'बुएनो' मुलगा, 'बुएना' मुलगी. आपल्या कानाला 'आ' म्हणजे पुरुष ही सवय, त्यामुळे घाईत बोलताना सगळ्या बायकांचे पुरुष होतात. शिवाय 'ह' लिहितात पण उच्चारत नाहीत. भूक म्हणजे 'आम्ब्रे' आणि पुरुष म्हणजे 'ओम्ब्रे'. "मला भूक आहे" असे सांगताना एक स्वर चुकला की टेबलावर हशा पिकतो. तो हशा खाऊन टाकता आला पाहिजे. मी सहावीत या शाळेत आलो तेव्हा माझ्या डॉर्ममध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघेच होतो आणि माझ्या हिंदीवर रोज हसत. आज त्याच मुलांना माझे 'हमको' आणि 'अपुन' तोंडपाठ आहेत. त्यामुळे निदान या बाबतीत कॅडेटची कातडी तयार असते.

खाण्यापिण्याबाबत थोडक्यात. 'तोर्तिया' म्हणजे मेक्सिकोतली मक्याची पोळी असे डोक्यात असेल तर ते काढून टाका; स्पेनमध्ये तोर्तिया म्हणजे बटाटे घातलेले जाड ऑम्लेट. मसूर आणि छोले आपल्याइतकेच खातात, पण त्यात बहुधा डुकराच्या मांसाचे सॉसेज असते. सालामांका प्रांतातले गिहुएलो हे गाव डुकराच्या खारवलेल्या मांडीसाठी, म्हणजे 'हामोन'साठी प्रसिद्ध आहे, आणि काही घरांत अशी अख्खी मांडी स्वयंपाकघरात लाकडी चौकटीला लावलेली असते. शाकाहारी मुलाने नुसते "मी मांस खात नाही" म्हणून भागत नाही, कारण काहींच्या बोलण्यात 'मांस' या शब्दात हामोन आणि मासे येत नाहीत. मांस नाही, हामोन नाही, मासे नाहीत, असे एकेक नाव घेऊन सांगावे. आणि हे पोचल्यावर पहिल्या जेवणाला सांगू नये, अर्जातच लिहावे.

घराचे नियम कुठे लिहिलेले नसतात. आपल्या डॉर्मच्या दारावर स्टँडिंग ऑर्डर चिकटवलेली असते. तिथे पाहून शिकायचे. घरात अनवाणी फिरणे आपल्याला स्वच्छपणाचे वाटते, तिकडे घरच्या सपाता न घालता गार फरशीवर चालले की घरची बाई ओरडते, सर्दी होईल म्हणून. पुष्कळ घरांत गॅसचा सिलिंडर असतो, नारिंगी रंगाचा, १२.५ किलोचा, आपला लाल १४.२ किलोचा. अंघोळीचे पाणी त्याच गॅसवर तापत असेल तर वीस मिनिटे शॉवर घेणाऱ्याबद्दल घरात काय बोलतात हे सांगायला नको. खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद. बाहेर जाताना कुठे चाललो आणि जेवायला आहे की नाही, हे सांगून जायचे. तिथे गेटवर गार्ड नसतो आणि आउटपासही नसतो, म्हणून काही जण समजतात की सांगायची गरज नाही. पण न सांगता उशीर केला तर शिक्षा होत नाही, कोणीतरी जेवायचे थांबलेले असते. मला तर एक्स्ट्रा ड्रिल परवडेल.

आता जी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती. हॉस्टेलमध्ये आपण एक गोष्ट न शिकवता शिकतो, की कुरकुर करायची नाही. घरची आठवण आली तर उशीत तोंड घालायचे. पाय दुखला तर पीटीला जायचे, एमआय रूमला जाणारा कच्चा. ताई हॉस्टेलमध्ये राहिलेली नाही, तरी परक्या घरी त्रास नको म्हणून तिने दोन दिवस ताप लपवला. दार लावून झोपून राहिली, अभ्यास आहे म्हणाली. बाईंना कळले तेव्हा त्या रागावल्या, आणि तो राग तापाचा नव्हता. त्यांचे म्हणणे असे की माझ्या घरात एक मूल दोन दिवस आजारी होते आणि मला माहीत नव्हते, हे मी तुझ्या आईला काय तोंडाने सांगू? ज्या गप्प बसण्याला आपण इथे चिवटपणा म्हणतो, त्याचा अर्थ त्या घरात 'मला तुमच्यावर विश्वास नाही' असा होतो. दहावीनंतर जाऊ म्हणणाऱ्या आमच्या दोन्ही मित्रांबद्दल मला काळजी वाटते ती याचीच. भाषा ते शिकतील, थंडी सोसतील. पण दोघेही मागच्या वर्षी मनगट मोडलेले असताना तीन दिवस कोणाला न सांगता खेळलेल्यांपैकी आहेत.

कधी कधी कुटुंब आणि मूल यांचे खरोखरच जमत नाही. त्यासाठी शाळकरी कार्यक्रमांत घराबाहेरचा एक माणूस नेमलेला असतो, ज्याच्याशी मोकळेपणाने बोलायचे. आधी बोलून पाहायचे, नाहीच जमले तर घर बदलता येते. घर बदलणे म्हणजे पळून येणे नव्हे, हे जाणाऱ्याच्या आईवडिलांनीही समजून घ्यावे. आणि जिवावरचे संकट असेल तर स्पेनचा क्रमांक ११२, आपल्याकडे आहे तोच.

शाळेबद्दल फार लिहीत नाही. शिक्षकांना पहिल्या नावाने हाक मारतात, आणि ते आत आले की कोणी उभे राहत नाही. पहिला आठवडा आपले गुडघे आपोआप सरळ होतील. गुण दहापैकी, पाचला पास, नवाच्या पुढे उत्कृष्ट. सोळा वर्षांपर्यंत सक्तीचे शिक्षण, पुढची दोन वर्षे बाचियेरातो. मात्र एक गोष्ट आधीच पाहावी. बार्सिलोना किंवा बास्क प्रदेशात घर मिळाले तर शाळेत बराचसा अभ्यास कातालान किंवा बास्क भाषेत असतो. घरात स्पॅनिश आणि शाळेत तिसरेच, असे होऊ शकते. काहींना ती मजा वाटेल, पण ती कळून-सवरून निवडावी.

कागदपत्रे आईवडिलांनी सांभाळायची असली तरी माहीत असावीत. तीन महिन्यांहून जास्त राहायचे तर विद्यार्थी व्हिसा लागतो, आणि अठरा वर्षांखालच्या मुलाला पालकांचे संमतिपत्र. सहा महिन्यांहून जास्त राहणाऱ्याने पोचल्यापासून महिनाभरात परदेशी नागरिकाच्या ओळखपत्रासाठी अर्ज करायचा असतो. तिकडचे वर्ष इकडे धरले जाईल की परत आल्यावर तोच वर्ग करावा लागेल, हे आपल्या बोर्डाला आणि शाळेला आधी लेखी विचारावे. भाषेची तयारी इथूनही होते. दिल्लीला स्पेन सरकारच्या सेर्वांतेस संस्थेचे केंद्र आहे, आणि 'देले' नावाच्या परीक्षेचे शाळकरी मुलांसाठीचे वेगळे पेपरही असतात.

राहता राहिले पत्र. शाळकरी कार्यक्रमांच्या अर्जात यजमान कुटुंबाला उद्देशून एक पत्र लिहायचे असते. कुटुंबे अशी पत्रे वाचून कोणते मूल आपल्या घरात येईल ते ठरवतात. आमच्या हाउसमधल्या एकाने त्याचा कच्चा मसुदा मला दाखवला. त्यात क्रॉस कंट्रीतले पदक होते, बेस्ट कॅडेटची ट्रॉफी होती, एनडीएत जायचे ध्येय होते. मी तो ताईला फोनवर वाचून दाखवला. ती म्हणाली, या मुलाची मुलाखत कोणीही घेईल, पण याला जेवायला कोण बोलावील? मग तिने जे विचारले ते आम्ही कागदावर उतरवून घेतले. सकाळी उठल्यावर तो बोलतो की तासभर गप्प असतो? त्याला धाकटी भावंडे आहेत का, आणि तो त्यांच्याशी भांडतो का? कुत्र्याला घाबरतो का? घोरतो का? त्याला स्वयंपाकातले काय येते? रविवारी काही काम नसेल तर तो काय करतो? शेवटच्या प्रश्नावर तो बराच वेळ अडला होता, कारण सहावीपासून त्याला असा रविवार फारसा मिळालेलाच नाही. शेवटी त्याने लिहिले की घरी असलो की मी आजोबांना पेपर वाचून दाखवतो आणि ते मध्येच झोपी जातात. ते वाक्य त्याने पत्रात सगळ्यात वर घेतले आहे. पदक तिसऱ्या परिच्छेदात गेले आहे.